व्हायरल लोडची टक्केवारी मस्त येतेय, पण जी पोरं येतच नाहीत त्यांचं काय?

गोवंडी_लोकल: मी एका संस्थेत एआरटीवरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं घेणाऱ्या, 10 ते 19 वयाच्या मुलांचा डेटा बघते. रिपोर्टमध्ये व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती ते) 1000च्या खाली, म्हणजे दबलेला, असलेल्यांची टक्केवारी छान दिसते, सगळे खुश, पण मला माहितीये ना की गेल्या वर्षी नियमित येणारी कितीतरी पोरं यंदा रजिस्टरमध्ये नाहीत. एक्सेलपलीकडे मला येत नाही. कुठून सुरू करू?

आकडेमोड: आधी छेद बघ. समज 100 मुलं औषधावर, टेस्ट झाली 70 जणांची, लोड दबलेला 63 जणांचा. रिपोर्ट म्हणणार 90 टक्के, पण खात्रीचे 63च. उरलेली 30 बरी आहेत असं धरायला आधार काय? 95-95-95 ह्या जागतिक ध्येयात (95 टक्क्यांना लागण माहीत, त्यांतले 95 टक्के औषधावर, त्यांतल्या 95 टक्क्यांचा लोड दबलेला) तिसरं 95सुद्धा औषध घेणाऱ्या सगळ्यांमधलं आहे, फक्त टेस्ट झालेल्यांमधलं नाही.

स्टॅट्सवाला_सायन: बरोबर. पुढची पायरी म्हणजे औषध सुरू केल्याची तारीख आणि शेवटच्या भेटीची तारीख घेऊन कॅपलान-मायर आलेख काढ, किती महिन्यांनी किती टक्के मुलं टिकून आहेत ते त्यात दिसतं, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट होतं. पण त्यात एक गृहीतक आहे, मधेच गळालेला मुलगा राहिलेल्यांसारखाच आहे असं. इथे ते टिकत नाही. म्हणून गळालेल्यांमधून चिठ्ठ्या टाकून थोडी नावं काढा आणि तेवढ्यांना अगदी घरापर्यंत जाऊन शोधा. युगांडात असं केलं तेव्हा मृत्यूचं प्रमाण आधी वाटलं होतं त्याहून बरंच जास्त निघालं. बदली होऊन दुसऱ्या सेंटरला गेलेल्यांना मात्र गळालेल्यांत धरू नका.

समुपदेशक_ताई: मी रोज ह्या पोरांशी बोलते म्हणून सांगते, लोडची वाट बघू नका, गोळ्या न्यायला किती दिवस उशीर झाला तो कॉलम ठेवा, तो खूप आधी बोलतो. दहावीचे क्लास, मे महिन्यात गाव, नाहीतर आजी आजारी आणि गोळ्या आणणारी तीच. एक मुलगी बाटलीचं लेबल नखाने खरवडून ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, दहा बाय दहाच्या खोलीत लपवणार कुठे? काका मुक्कामाला आले की चार दिवस डबा उघडायचाच नाही. हे कुठल्याच कॉलममध्ये येत नाही गं. आणि शीटमधून नावं काढा, फक्त कोड ठेवा, 2017च्या एचआयव्ही कायद्याने गुप्तता बंधनकारक आहे.

गोवंडी_लोकल: थँक्यू ताई, नावं आजच काढते. उशिराचे दिवस रजिस्टरमध्ये आहेतच, कुणी बेरीज केली नव्हती इतकंच. आणि 20 चिठ्ठ्या काढतेय, शनिवारी दोघीजणी निघतोय.