ऑलिम्पिक : जत्रा की साहित्य संमेलन?

नाना चौकस

अहमदाबादला २०३० चे राष्ट्रकुल खेळ मिळाले, २०३६ च्या ऑलिम्पिकवरही आपण दावा सांगितला आहे. तेव्हापासून आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय नाही. तिथे माझं मत कुणीच ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे मांडतो : ऑलिम्पिक गावोगाव फिरवणं बंद करा आणि त्याला कायमचं एक गाव द्या. जत्रा देवाच्या गावाला भरते, देव जत्रेमागे हिंडत नाही. जुनं ऑलिम्पिकही हजारेक वर्षं एकट्या ऑलिंपियातच भरत होतं.

१८९६ ला अथेन्समध्ये पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं, तेव्हा ग्रीसच्या राजाचं म्हणणं हेच होतं की आता इथेच राहू द्या. पण आधुनिक ऑलिम्पिक सुरू करणाऱ्या कूबर्तँना ते पॅरिसला न्यायचं होतं. १९०० ला नेलं आणि जागतिक प्रदर्शनाच्या शेपटीला बांधलं. स्पर्धा मे ते ऑक्टोबर रेंगाळल्या. १९०४ ला सेंट लुईस, पुन्हा प्रदर्शनच. युरोपातून इतक्या लांब जाणार कोण? बहुतेक खेळाडू अमेरिकेचेच होते.

आणि पैशाचं काय? १९७६ च्या आधी मॉन्ट्रियलचे महापौर ज्याँ द्रापो म्हणाले होते की पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य, तितकीच ऑलिम्पिकला तूट येणं अशक्य. स्पर्धा झाल्या तेव्हा स्टेडियमचा मनोरा अर्धवट होता आणि छप्पर नव्हतंच. मनोरा १९८७ ला पुरा झाला, कर्ज २००६ ला फिटलं. तीस वर्षं तिथले विडी-काडीवाले तंबाखूवरच्या करातून ते फेडत होते. पंधरा दिवसांच्या मांडवासाठी!

टवाळ

पुरुषाला मूल होऊन त्याचं बारसंही झालं म्हणायचं. 😄

मृण्मयी

नाना, जत्रेची उपमा गोड आहे, पण चुकीची. ऑलिम्पिक हे आपल्या साहित्य संमेलनासारखं आहे. दर वेळी नवं गाव, नवा स्वागताध्यक्ष, जेवणावरून आणि मानपानावरून नवी भांडणं. तरी त्या निमित्ताने त्या गावात काहीतरी उभं राहतं.

टोकियोचं बघा. १९६४ चं ऑलिम्पिक सुरू झालं १० ऑक्टोबरला आणि शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धावली १ ऑक्टोबरला. बार्सिलोना १९९२ च्या आधी समुद्राकडे पाठ करून बसलं होतं. किनाऱ्यावर कारखाने आणि रेल्वेचे रूळ होते. आज जग ज्या किनाऱ्यावर फिरायला जातं, तो ऑलिम्पिकच्या निमित्ताने मोकळा झाला. मुख्य स्टेडियमही कोरं नव्हतं, १९२९ चं जुनंच आतून नवं केलेलं होतं.

घरात लग्न ठरल्याशिवाय भिंतींना रंग लागत नाही, हे कुठल्याही आईला विचारा.

नाना चौकस

मृण्मयीताई, रंग लावायचा म्हणून कर्ज काढून लग्न उरकायचं का? शिंकान्सेनचं काम ऑलिम्पिकसाठी काढलेलंच नव्हतं, ते फक्त मुहूर्त साधून पुरं केलं. आणि बार्सिलोना एकच. प्रत्येक यजमान तिचंच नाव घेतो, अथेन्सचं कुणी घेत नाही. २००४ साठी त्यांनी जुन्या विमानतळावर बेसबॉल आणि सॉफ्टबॉलची मैदानं बांधली. ग्रीसमध्ये बेसबॉल खेळतो कोण? पुढे तिथे गवत माजलं.

दिल्लीवासी मराठी

आमच्या दिल्लीचा दाखला देतो, तो दोघांनाही टोचेल. १९८२ च्या आशियाडने दिल्लीला उड्डाणपूल आणि नेहरू स्टेडियम दिलं, देशाला रंगीत टीव्ही दिला. मृण्मयी यांचा मुद्दा मान्य. पण त्याच बांधकामांवरच्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हतं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं ही वेठबिगारीच, असं न्यायालयाने त्याच वर्षी सांगितलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो निकाल आजही शिकवतात. लग्नघराला रंग लावणाऱ्याला मजुरी मिळाली की नाही, हेही एकदा विचारत चला.

२०१० च्या राष्ट्रकुल खेळांबद्दल लिहीत नाही. उद्घाटनाला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला, तेवढी एक आठवण पुरे.

बालेवाडीकर

सगळीच मैदानं ओसाड पडत नाहीत हो. आमचं बालेवाडीचं क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं आणि २००८ ला युवा राष्ट्रकुल स्पर्धा तिथेच झाल्या. तेव्हा मी स्वयंसेवक होतो. काम काय, तर पाण्याच्या बाटल्या वाटणं आणि परदेशी पोरांना वडापाव तिखट असतो हे आधीच सांगणं. (ऐकत कुणी नव्हतं.) बांधलेलं पुन्हा वापरा, एवढंच म्हणणं आहे.

अरुंधती

नाना, पैशाचं सोडा, राजकारणाचं बोला. समजा १८९६ ला तुमच्या राजाचं ऐकलं असतं. मग १९६८ आणि १९७२ चं ऑलिम्पिक कुणाच्या अंगणात झालं असतं? १९६७ ते १९७४ ग्रीसवर लष्करशहांची सत्ता होती. म्हणजे दोन्ही वेळा सगळं जग त्या हुकूमशहांच्या मांडवात. १९३६ ला हिटलरच्या बर्लिनमध्ये काय शोभा झाली ते ठाऊक आहे. पण निदान पुढच्या खेपेला गाव बदलता येतं. कायमचं गाव दिलंत की गावाबरोबर तिथला पाटीलही कायमचा गळ्यात पडतो, मग तो कसाही निघो.

नाना चौकस

हा वार बसला, मान्य. पण फिरतं ठेवून राजकारण टळलं का? १९८० ला मॉस्कोवर बहिष्कार, १९८४ ला लॉस एंजेलिसवर. उलट त्या गोंधळातच ग्रीसचे नेते कारामनलिस यांनी कायमच्या जागेचा प्रस्ताव पुन्हा पुढे केला होता, लष्करशाही गेल्यावर.

आणि आता फिरवायचं म्हटलं तरी गावं मिळतात कुठे? डेन्व्हरला १९७६ चं हिवाळी ऑलिम्पिक मिळालं होतं. १९७२ ला कोलोरॅडोच्या मतदारांनी पैसे द्यायला नकार दिला आणि ते इन्सब्रुकला गेलं. २०२२ च्या हिवाळीसाठी ऑस्लोने अंग काढून घेतलं, शेवटी बीजिंग आणि अल्माटी दोनच उरले. २०२४ च्या वेळी बोस्टन, हॅम्बुर्ग, रोम, बुडापेस्ट एकेक करून पळाले. उरलेल्या पॅरिस आणि लॉस एंजेलिसला ऑलिम्पिक समितीने २०२४ आणि २०२८ एकदमच वाटून टाकलं. स्थळं येईनाशी झाली की आईबाप असंच करतात.

नाशिकचा गोदाकाठ

भांडण मिटवतो. जत्रा नको आणि संमेलनही नको, कुंभमेळा करा. हरिद्वार, प्रयागराज, उज्जैन आणि आमचं नाशिक अशी चार ठिकाणं ठरलेली आहेत, पाळी ठरलेली आहे. घाट तेच, आखाड्यांच्या जागा त्याच.

गंमत म्हणजे न ठरवता तसं होतच आहे. लंडन १९०८, १९४८, २०१२. पॅरिस १९००, १९२४, २०२४. लॉस एंजेलिस १९३२, १९८४, २०२८. यांतली स्वस्तातली उदाहरणं बघा. १९४८ ला युद्धाने पोळलेल्या लंडनने नवं स्टेडियम बांधलंच नाही, खेळाडू हवाईदलाच्या तळांवर आणि कॉलेजांत उतरवले. १९८४ ला लॉस एंजेलिसच्या मतदारांनी शहराचा पैसा द्यायला बंदी घातली होती. तर १९३२ चं कोलिझियम स्टेडियम पुन्हा वापरून वर वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक पडली. आणि २०२४ ला आपल्या हॉकी संघाने कांस्य जिंकलं ते पॅरिसजवळच्या कोलंबच्या मैदानात, जे १९२४ चं मुख्य स्टेडियम होतं. घाट जुनेच, पाणी नवं.

टवाळ

१९५६ चं विसरलात. स्पर्धा मेलबर्नला, पण ऑस्ट्रेलियाने विलगीकरणाच्या नियमांमुळे परदेशी घोडे आत घेतले नाहीत, म्हणून घोडेस्वारी स्टॉकहोमला. एकाच गावात सगळं बसवायला निघालेल्या नानांनी आधी घोड्यांची परवानगी काढावी.

कराडची उषा

सगळे यजमानाच्या खिशाचं बोलताय, पाहुण्याच्या खिशाचं कुणीच बोलत नाही. पैलवान खाशाबा जाधव आमच्या गोळेश्वरचे. १९४८ ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवलं, तेव्हा ते गेले आणि कांस्य घेऊन आले. कायमचं गाव युरोपात दिलंत तर दर चार वर्षांनी घर गहाण पडणार ते आपल्या बाजूच्याच माणसाचं. गोदाकाठच्या यादीतही लंडन, पॅरिस, लॉस एंजेलिसच आहेत. दक्षिण अमेरिकेत ऑलिम्पिक आजवर एकदाच झालं, आफ्रिकेत एकदाही नाही. सेनेगलमधल्या डाकारला २०२६ चं आहे तेही युवा ऑलिम्पिक. धाकट्या पंगतीला बसवल्यासारखं.

नाशिकचा गोदाकाठ

उषाताई, यादी मी केली नाही, घडली तशी सांगितली. चार ठिकाणं चार खंडांत ठेवू. आफ्रिकेचं एक नक्की.

नाना चौकस

आता काही खेळाडूंचं तिकीट ऑलिम्पिक समितीच्या निधीतून निघतं, पण खाशाबांच्या नावापुढे मी वाद घालणार नाही. कुंभमेळा मंजूर. मात्र चारांत अथेन्स हवंच.

टवाळ

आणि घोडे?