परग्रहावरील पर्वतरांगेचे हवामान : खिंड, हिमरेषा आणि पाऊस यांचा मेळ कसा घालावा?

पाथरवट :
नमस्कार. एका विज्ञानकथेसाठी मी एक काल्पनिक ग्रह रचतो आहे. त्याचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या १.४ पट, समुद्रसपाटीवरील हवेचा दाब पृथ्वीच्या दुप्पट, हवेतील वायूंचे प्रमाण मात्र आपल्याकडच्यासारखेच आहे. दिवस-रात्र मिळून ६० तास होतात आणि अक्षाचा कल जेमतेम ४ अंश आहे. विषुववृत्तापासून २० अंशांवर, एका खंडाच्या पूर्व किनाऱ्याला समांतर अशी दक्षिणोत्तर पर्वतरांग असून तिची सर्वोच्च शिखरे १२ किलोमीटर उंच आहेत. किनाऱ्यावर तापमान २७ अंशांच्या आसपास असते. कथेतील काफिला पूर्वेकडून निघून ४ किलोमीटर उंचीची खिंड ओलांडतो, विरळ हवेमुळे माणसांना धाप लागते आणि पलीकडे उतरल्यावर पावसाने हिरवीगार झालेली खोरी लागतात. आपल्याकडच्यासारखा मोसमी पाऊसही हवा आहे. यातले काय टिकेल आणि काय बदलावे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वातकुक्कुट :
आपण आकडे दिलेत हे उत्तम केलेत, कारण त्यामुळे हिशेब मांडता येतो. कोरडी हवा वर चढताना किती थंड होते हे गुरुत्वाकर्षण आणि हवेची उष्माधारकता या दोहोंवर ठरते. पृथ्वीवर हा दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंश आहे, तर आपल्या ग्रहावर तो १३.७ अंश होईल. बाष्पाने भरलेल्या हवेत ढग बनताना सुप्त उष्मा बाहेर पडतो, त्यामुळे घट कमी होते. आपल्या किनाऱ्यापासून वर जाताना ती सरासरी ८ अंश धरायला हरकत नाही. म्हणजे २७ अंशांपासून सुरुवात केल्यास साधारण साडेतीन किलोमीटरवर तापमान शून्याला पोहोचते. आपली खिंड त्याहून वर, म्हणजे बर्फात आहे.

दाबाची गोष्ट मात्र अगदी उलटी होते. पृथ्वीवर साधारण साडेआठ किलोमीटर चढल्यावर दाब मूळच्या ३७ टक्क्यांवर येतो. आपल्याकडे तेवढी घट ६ किलोमीटरमध्येच होईल. तरीही सुरुवातच दुप्पट दाबापासून असल्यामुळे ४ किलोमीटरवरच्या खिंडीत जवळजवळ गिरगाव चौपाटीइतकाच दाब उरतो. पायाखाली बर्फ आणि फुप्फुसात समुद्रकाठची हवा, असा हा प्रदेश असेल. विरळ हवेने धाप लागणे येथे बसत नाही. मला विचाराल तर ते दृश्य गाळावे, कारण हा विरोधाभास त्याहून कितीतरी नवा आहे.

भूस्तर :
१२ किलोमीटरच्या शिखरांबद्दल लिहितो. पर्वत किती उंच होऊ शकतो हे खालच्या खडकाला किती भार पेलवतो यावर बरेचसे अवलंबून असते, म्हणून इतर गोष्टी सारख्या असतील तर उंचीची मर्यादा गुरुत्वाकर्षणाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. या हिशेबाने एव्हरेस्टच्या तोडीचे शिखर आपल्या ग्रहावर ६.३ किलोमीटरचे होईल. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्के असल्यामुळे ऑलिंपस मॉन्स सुमारे २२ किलोमीटर उंच उभा राहू शकला, अर्थात तेथे भूपट्टांची हालचाल नसल्याने एकाच जागी लाव्हा साचत गेला हेही कारण आहेच. हे सूत्र काटेकोर नाही. शुक्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ९० टक्के असूनही तेथील मॅक्सवेल पर्वत सुमारे ११ किलोमीटर उंच आहे. तरीही १.४ पट गुरुत्वाकर्षणाखाली १२ किलोमीटर म्हणजे अतीच झाले.

यात एक मौज आहे, ती सोडू नये. गुरुत्वाकर्षण वाढले की पर्वताची कमाल उंची ज्या पटीत घटते, त्याच पटीत कोरड्या हवेचे तापमान अधिक वेगाने उतरते आणि दाबही त्याच पटीत लवकर घटतो. त्यामुळे ६.३ किलोमीटरच्या आपल्या शिखरावर पायथ्याच्या तुलनेत दाबाची जी टक्केवारी उरेल, ती जवळपास एव्हरेस्टवरचीच असेल. उभे सारे आखडते, आडवे मात्र तसेच राहते. रांगेची रुंदी आणि समुद्रापासूनचे अंतर यांत काही बदल होत नाही. तेव्हा शिखरे ६ किलोमीटरच्या आसपास आणा. वाचकाला भव्यता तितकीच जाणवेल.

पाथरवट :
दोघांचेही आभार. शिखरे खाली आणतो. धाप लागण्याचे दृश्य मात्र कथेच्या दृष्टीने मोलाचे आहे. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले तर? मग समुद्रकाठी श्वास नेहमीसारखा चालेल आणि खिंडीत ऑक्सिजन निम्मा होईल.

वातकुक्कुट :
श्वासाचा हिशेब बरोबर आहे. खिंडीतला श्वास पृथ्वीवरील साडेपाच किलोमीटर उंचीवरच्या श्वासाइतका जड होईल. अडचण चुलीची आहे. श्वासाला ऑक्सिजनचा स्वतःचा दाब पुरतो, पण ज्योत टिकण्यासाठी हवेतील त्याचे प्रमाण महत्त्वाचे असते, कारण उरलेला नायट्रोजन उष्णता शोषून घेतो. हे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या खाली गेले की लाकूड नीट पेट घेत नाही. काफिल्याचा मुक्काम शेकोटीभोवती असेल तर ती विझली असे समजा. त्यापेक्षा धाप वजनामुळे लागू द्या : ७० किलोच्या माणसाच्या पायांवर येथे ९८ किलोचा भार पडतो, आणि वर पाठीवर ओझे.

निरभ्र :
पावसाबद्दल अजून कोणी बोललेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ग्रह स्वतःभोवती ज्या दिशेला फिरतो त्या दिशेलाच त्याचा सूर्य उगवतो, आणि विषुववृत्ताकडे वाहणारी हवा या फिरण्यात मागे पडते. म्हणून उष्ण कटिबंधातील व्यापारी वारे सूर्योदयाच्या दिशेकडूनच येणार. ६० तासांच्या संथ परिवलनामुळे हा पट्टा ध्रुवांकडे आणखी रुंदावेल, त्यामुळे २० अंशांवरची रांग निश्चितपणे त्यातच पडते. बाष्पाने भरलेली हवा पूर्व उतारावर चढेल आणि प्रतिरोध पाऊस तेथेच कोसळेल. ढगांचा तळही पृथ्वीवरच्या मानाने सुमारे ३० टक्के खाली असेल, त्यामुळे पायथ्याच्या वस्त्या वर्षभर धुक्यात राहतील. पावसाचे थेंब किंचित लहान असतील आणि दाट हवेमुळे सावकाश पडतील. झोडपणारा पाऊस लिहिण्याचा मोह टाळावा.

पश्चिमेची हिरवी खोरी म्हणजे मात्र पर्जन्यछायेचा प्रदेश झाला. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६,००० मिलिमीटर पाऊस होतो आणि पाचगणी ओलांडून वाईला उतरेपर्यंत तो कित्येक पटींनी घटतो, तेही जेमतेम दीड किलोमीटरच्या सह्याद्रीमुळे. आपली रांग त्याच्या चौपट उंच आहे. हिरवाई हवीच असेल तर ती पावसाऐवजी वितळत्या बर्फाच्या पाण्यावर पोसावी; लेहला वर्षाकाठी १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तरी बर्फाच्या पाण्यावर तेथे जवाची शेते आणि जर्दाळूच्या बागा उभ्या आहेत. मग खोरे सलग हिरवे न दिसता पाटाच्या कडेने हिरव्या पट्ट्या आणि त्यांच्या बाहेर उघडा खडक असे दिसेल. हिमरेषाही या बाजूला बरीच वर सरकेल, कारण पडायलाच बर्फ कमी. दक्षिण अमेरिकेतील कोरड्या अटाकामा वाळवंटाच्या कडेला असलेले युयायाको शिखर ६,७३९ मीटर उंच असूनही त्यावर हिमनदी नाही.

मोसमी पाऊस ४ अंशांच्या कलात जमणार नाही. ऋतूच नसल्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरक उलटसुलट होत नाही. कक्षा बरीच लंबवर्तुळाकार केली तर ग्रह ताऱ्याजवळ असताना दोन्ही गोलार्धांत एकदमच उन्हाळा येईल, जमीन समुद्राआधी तापेल आणि मोसमी वाऱ्यांसारखे काहीतरी दाखवता येईल.

शेवटी ३० तासांच्या रात्रीबद्दल. किनाऱ्यावर दमट, दाट हवा ऊब धरून ठेवील, पण पश्चिमेच्या कोरड्या उतारांवर निरभ्र आकाशाखाली जमीन फार निवते, तिला लागलेली थंड हवा जड होऊन दरीत उतरते आणि वाढीव गुरुत्वाकर्षण तिला आणखी वेग देते. तळाशी थंडीचे तळे साचेल, म्हणून गावे खोऱ्याच्या तळाशी न वसवता मध्यउतारावर वसवावीत. माउंट केनियावर रोज दिवसा उन्हाळा आणि रात्री हिवाळा असतो, आणि तेथील राक्षसी लोबेलिया रात्री पाने मिटून मधला कोंब गोठण्यापासून वाचवते. आपल्या वनस्पतींना हा खेळ ३० तास निभावावा लागेल. काफिल्याने खिंड सूर्योदयानंतर लवकरच ओलांडावी, उतरणारे वारे थांबलेले असताना आणि पूर्वेचे ढग दुपारच्या चढत्या वाऱ्यांबरोबर खिंडीपर्यंत पोहोचण्याआधी. दिवस लांब असल्यामुळे त्यांना दहाएक तासांची उसंत मिळेल.