६०,००० रुपयांत पीसी गेमचं मार्केटिंग: पैसे नेमके कुठे घालावेत?

पायरीवाला, बडोदा:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं मिळून पीसीसाठी एक पझल गेम करतोय, नाव 'जलवाव'. खेळणारा सात मजली वावेत (पायऱ्यांच्या विहिरीत) उतरतो, झडपा फिरवून पाण्याची पातळी वरखाली करतो आणि बुडालेल्या पायऱ्या मोकळ्या करत तळाशी पोचतो. रचना नवलाखी आणि सेवासीच्या वावेवरून बेतली आहे. खेळ साधारण चार तासांचा, किंमत १० डॉलरच्या आत.

मार्केटिंगला ६०,००० रुपये आहेत, त्यावर एक पैसा नाही. सध्याचा बेत असा: ४०,००० इन्स्टाग्राम-फेसबुकच्या जाहिरातींना, उरलेले ट्रेलरला. आत्ता श्रावण चालू आहे, दिवाळीत लाँच. स्टीमचं (पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचं) पान लाँचच्या महिनाभर आधी टाकू, म्हणजे तोवर स्क्रीनशॉट पक्के होतील. ह्यात काय चुकतंय ते स्पष्ट सांगा. शिवाय इथल्या मराठी-गुजराती वर्तमानपत्रांत बातमी आली तर कितपत फायदा होतो?

चौकटवाली:
दादा, जाहिरातींचे ४०,००० आधी बाजूला काढा. रील बघणारा माणूस फोनवर असतो आणि तुमचा गेम पीसीवर. त्यानं दुवा दाबायचा, ब्राउझरमध्ये स्टीमला लॉगइन करायचं, पासवर्ड आठवायचा, मग विशलिस्टचं, म्हणजे 'पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत टाका' हे बटण दाबायचं. ह्यात बहुतेक जण वाटेतच गळतात आणि क्लिकचे पैसे मात्र तुमच्या खात्यातून गेलेले असतात. मोठ्या कंपनीला हे परवडतं, १० डॉलरच्या आतल्या गेमला नाही.

पान ह्याच महिन्यात टाका. स्टीम डायरेक्टची फी १०० डॉलर आहे आणि गेमची कमाई १,००० डॉलरवर गेली की ती परत मिळते. फी भरल्यापासून ३० दिवस गेम विक्रीला काढता येत नाही, 'कमिंग सून' पान किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं लागतं, आणि पान तपासून मिळायला ३ ते ५ कामाचे दिवस जातात. महिनाभर आधी पान टाकलं तर हे नियम जेमतेम पाळले जातील, पण विशलिस्ट भरायला वेळच उरणार नाही. लाँचच्या दिवशी विशलिस्टवाल्या सगळ्यांना स्टीम स्वतः मेल पाठवतं, तुमचा एक रुपया न घेता. त्या यादीत माणसं जमायला सहा-आठ महिने द्यावेत. स्क्रीनशॉटसाठी अडून बसू नका. किमान ५ लागतात, १९२०×१०८०, प्रत्यक्ष खेळातले, आणि नंतर हवे तेव्हा बदलता येतात.

पहिला मोठा खर्च कॅप्सूलवर, म्हणजे स्टीमवर गेमच्या नावासह दिसणाऱ्या चित्रावर करा. यादीत, शोधात, शेजारच्या गेमच्या पानावर, सगळीकडे लोकांना आधी तेवढंच चित्र दिसतं. मुख्य कॅप्सूल १२३२×७०६, छोटं ४६२×१७४. पण छोट्याचंच स्टीम आणखी बारीक रूप करतं, १२०×४५ पिक्सेलपर्यंत. वावेचं सगळं सौंदर्य शेकडो पायऱ्यांत, खांबांत आणि नक्षीत आहे, आणि १२०×४५ मध्ये नेमका त्याचाच करडा चिखल होतो. म्हणून मुख्य चित्रात एकच कमान, वरून पिवळा उजेड, खाली हिरवं पाणी आणि उतरणारी एक काळी आकृती, एवढंच ठेवा. छोट्यातून आकृतीही काढा, गेमचं नावच चौकटभर येऊ द्या. स्टीमची पार्श्वभूमी काळपट निळी असते, त्यामुळे गडद कडा तिच्यात विरघळतात. कडेला उजळ रंग लागतो. तपासायला सोपा उपाय: स्टीमच्या शोधपानाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात आपलं चित्र खऱ्या मापाला चिकटवा आणि ज्यांनी गेम पाहिलेला नाही अशा पाच जणांना विचारा, हा कसला गेम असेल? 'पझल' किंवा 'शोधमोहीम' असं उत्तर आलं नाही तर चित्र बदला. चित्रावर गेमच्या नावाशिवाय दुसरा मजकूर चालत नाही. पुरस्कार, सूट, परीक्षणातली वाक्यं ह्यांना २०२२ पासून बंदी आहे.

तुम्ही बडोद्यात आहात ह्याचा इथे फायदा घ्या. फाइन आर्ट्स कॉलेजला चित्र येणारी भरपूर मुलं आहेत. १५ ते २० हजारांत नीट काम होतं, पण बोलणं लेखी करा: तीन कच्ची रेखाटनं, एकाची निवड, दोनदा दुरुस्ती, शेवटी थर सुटे असलेली पीएसडी (फोटोशॉपची) फाइल आणि व्यावसायिक वापराचे हक्क. नाव वेगळ्या थरावर हवंच, कारण स्टीमच्या लायब्ररीसाठी (विकत घेतलेल्या गेमच्या यादीसाठी) पारदर्शक लोगो वेगळा द्यावा लागतो आणि उद्या चिनी नावाचं कॅप्सूल केलं तर चित्र पुन्हा काढावं लागत नाही. एआय वापरायचं की नाही तेही करारात लिहा. स्टीमच्या फॉर्ममध्ये ते तुम्हाला जाहीर करावं लागतं. आणि तारीख नवरात्राच्या आधीची घ्या, गरब्याच्या नऊ रात्री बडोद्यात कोणाकडूनही फाइल मिळत नाही.

झडपमास्तर:
कॅप्सूलबद्दल ताईंशी सहमत. मी ट्रेलर आणि डेमोबद्दल लिहितो.

ट्रेलरच्या सुरुवातीला तुमचा लोगो नको, 'फार फार वर्षांपूर्वी' नको, काळ्या पडद्यावरची अक्षरं तर मुळीच नकोत. पहिल्या पाच सेकंदांत झडप फिरली पाहिजे आणि पाणी उतरून पायऱ्या उघड्या पडल्या पाहिजेत. पान उघडल्यावर ट्रेलर बऱ्याचदा आवाज बंद असतानाच चालू होतो, म्हणून निवेदनावर भिस्त ठेवू नका. एकूण ४५ ते ६० सेकंद. त्याच रेकॉर्डिंगमधून सहा-आठ सेकंदांचे तीन-चार तुकडे काढा: पाणी चढताना, उजेड सरकताना, कोडं सुटताना. हेच वर्णनात जिफ म्हणून लागतील आणि रेडिटवर टाकायलाही उपयोगी पडतील. रेडिटच्या प्रत्येक गटाचे स्वतःच्या जाहिरातीचे नियम निराळे असतात, ते वाचल्याशिवाय पोस्ट केली तर खातंच बंद होऊ शकतं.

छोट्या वर्णनात लोक कथा लिहितात, तिथेच माणूस निसटतो. 'प्राचीन वावेचं गूढ उलगडणारा एक अविस्मरणीय प्रवास' ह्यावरून खेळात काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी: 'झडपा फिरवा, पाणी चढवा-उतरवा आणि सात मजली वावेच्या तळापर्यंत वाट काढा. चार तासांचा शांत पझल गेम, घड्याळ नाही, मरण नाही.' इंग्रजी मजकुरात वाव म्हणजे काय ते अर्ध्या ओळीत सांगा, परदेशी माणसाला ती कल्पना नवीन असते. प्रेस किटमध्ये (पत्रकारांना द्यायच्या माहितीत) पाटणच्या राणी की वावेचा उल्लेख टाका. २०१४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे, शंभराच्या नव्या नोटेच्या मागेही तीच. पत्रकाराला एक पक्का संदर्भ मिळतो.

टॅग वीसपर्यंत देता येतात, पण पहिले पाच सगळ्यांत वजनदार, कारण कोणत्या गेमच्या शेजारी तुम्हाला बसवायचं ते स्टीम त्यावरून ठरवतं. 'इंडी' (छोट्या स्वतंत्र टीमचा गेम) पहिल्या पाचांत घालून जागा फुकट दवडू नका. पझल, वातावरणप्रधान, शोध, निवांत, थ्रीडी असे नेमके निवडा.

डेमो २० ते ३० मिनिटांचा, पहिले दोन मजले. तिसऱ्या मजल्याचं दार उघडतं आणि खाली अंधारात पाण्याचा आवाज येतो, तिथे थांबवा. शेवटच्या पडद्यावर विशलिस्टचं बटण द्या, आणि ते ब्राउझर न उघडता स्टीम ओव्हरलेमध्येच (गेमवरच उघडणाऱ्या स्टीमच्या खिडकीत) तुमचं पान उघडेल असं करा. ती सोय स्टीमच्या एपीआयमध्ये (गेमला स्टीमशी जोडणाऱ्या कोडमध्ये) तयार आहे. डेमो बाहेर काढण्याआधी सात-आठ जणांना समोर बसवून खेळू द्या आणि तुम्ही तोंडातून शब्द काढू नका. कुठे अडकतात, कुठे उगीच भिंतीवर क्लिक करतात ते लिहून घ्या. पाण्याच्या कोड्यांत नेहमीची अडचण ही की झडप फिरवल्याचा परिणाम कॅमेऱ्याबाहेर होतो आणि खेळणाऱ्याला वाटतं काहीच झालं नाही. दोन सेकंद कॅमेरा पाण्याकडे वळवला की काम होतं.

आता तारखेबद्दल. स्टीम नेक्स्ट फेस्ट, म्हणजे येऊ घातलेल्या गेमच्या डेमोंचा स्टीमवरचा महोत्सव, फेब्रुवारी, जून आणि ऑक्टोबरमध्ये होतो, आणि एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तोही लाँचच्या आधी. ऑक्टोबरला रिकाम्या विशलिस्टनं उतरलात तर ती एकमेव संधी वाया जाईल. फेब्रुवारीचा धरा, डेमो त्याच्या काही आठवडे आधी बाहेर काढा, म्हणजे बग तेव्हाच सापडतील आणि डेमो आल्याची सूचनाही विशलिस्टवाल्यांना जाईल. लाँच फेस्टनंतर तीन-चार आठवड्यांनी. दिवाळी विसरा, तुमचे बहुतेक गिऱ्हाईक दिवाळी साजरी करणारे नाहीत.

पायरीवाला, बडोदा:
फेब्रुवारीचं पटलं. मग ६०,००० ची मांडणी कशी करू? आणि यूट्यूबवाल्यांना पैसे द्यायचे का?

दांडियाबाजारकर:
फी साधारण ९,०००, कॅप्सूल १८,०००, ट्रेलरचं संकलन आणि आवाज १०,०००. पानाचा मजकूर साडेतीनशे शब्दांचा धरला तर सरलीकृत चिनी, जपानी आणि जर्मन अशा तीन भाषांना शब्दाला ८ रुपयांनी ८,४००. उरतात १४,६००. त्यांना डेमो बाहेर येईपर्यंत हात लावू नका. डेमोनंतर चिनी विशलिस्ट वाढल्या तर ते संपूर्ण गेमच्या चिनी भाषांतराला घाला, पझल गेममध्ये शब्द कमीच असतात. मजकूर मात्र त्या भाषेच्या माणसाकडूनच करून घ्या.

यूट्यूबवाल्यांना पैसे नकोत, त्याऐवजी 'की' द्या, म्हणजे गेम स्टीमवर फुकट सुरू करून देणारा कोड. तुमच्यासारखे दोन-तीन गेम शोधा, ते कोणी खेळले ते बघा, आणि त्यातले २,००० ते ५०,००० सबस्क्राइबर असलेले निवडा. मोठ्यांच्या डब्यात तुमचं मेल उघडतही नाही. मेलच्या विषयात गेमचं नाव, प्रकार आणि तारीख. आत दोन वाक्यं, एक जिफ, पानाचा दुवा आणि 'की'ही तिथेच, 'हवी असल्यास कळवा' नको. पत्ता चॅनलच्या माहितीपानावरूनच घ्या. पान टाकलं की 'मी अमुक क्युरेटर (स्टीमवर गेमची शिफारस करणारा), पाच की पाठवा' अशी मेलं यायला लागतील. त्यातली बरीच मेलं 'की' विकणाऱ्यांची असतात. क्युरेटरना स्टीमच्या क्युरेटर कनेक्टमधूनच पाठवा, तिथे की द्यावीच लागत नाही.

प्रत्येक ठिकाणी टाकायच्या दुव्याला वेगळा यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी दुव्याची खूण) लावा: रेडिटला एक, प्रत्येक यूट्यूबरला एक, वर्तमानपत्राला एक. कोणत्या दुव्यावरून किती भेटी आणि किती विशलिस्ट आल्या ते स्टीमवर्क्समध्ये (गेम बनवणाऱ्यांच्या स्टीम खात्यात) दिसतं. हे पहिल्या दिवसापासून केलं नाही तर तीन महिन्यांनी सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

रिव्ह्यूंबद्दल एक गोष्ट फार जण विसरतात. रिव्ह्यूंचा एकत्रित शेरा दिसायला विकत घेणाऱ्यांचे १० रिव्ह्यू लागतात, आणि 'की' वापरून गेम घेतलेल्यांचे त्यात मोजले जात नाहीत. म्हणून डिस्कॉर्डवरच्या (गप्पांच्या ॲपवरच्या) चाहत्यांना 'की' वाटत सुटू नका. रिव्ह्यूच्या बदल्यात काही देऊ नका आणि टीममधल्या कोणी स्वतःच्या गेमवर लिहू नये, स्टीम त्यावर कारवाई करतं.

सूट लाँचला १० टक्के, आठवडाभर. ती संपल्यावर ३० दिवस दुसरी देता येत नाही, म्हणून पुढे मोठा सेल कधी आहे ते बघूनच तारीख धरा. नंतरची सूट १५ ऐवजी २० टक्के ठेवा, कारण विशलिस्टवाल्यांना मेल २० किंवा त्याहून जास्त सूट असेल तरच जातं. रुपयातली किंमत डॉलरला गुणून काढू नका, स्टीमनं सुचवलेला दर त्याहून बराच खाली असतो आणि आपल्याकडच्यांना तोच परवडतो.

खातं कोणाच्या नावावर हे दोघांनी आत्ताच ठरवा. स्टीमवरचं नाव आणि बँकेतलं नाव तंतोतंत जुळावं लागतं, नाहीतर पैसे अडकतात. कराच्या मुलाखतीत (स्टीमच्या कराच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये) पॅन द्या, म्हणजे अमेरिकेतल्या विक्रीवरची करकपात ३० टक्क्यांऐवजी भारत-अमेरिका कर कराराच्या दरानं होते. स्टीमचा ३० टक्के वाटा आधी जातो, आणि शिल्लक १०० डॉलर झाल्याशिवाय रक्कम पाठवत नाहीत. प्रत्येक वेळी बँकेकडून परकीय रकमेचं प्रमाणपत्र मागून घ्या, सीएला लागतं.

चौकटवाली:
वर्तमानपत्राचं राहिलं. बातमीनं विशलिस्ट फारशा वाढत नाहीत, पण खर्चही नाही, तेव्हा डेमोच्या आठवड्यात जरूर द्या. 'बडोद्याच्या दोघांनी नवलाखी वावेवरून गेम केला' हा विषय इथल्या संपादकाला आवडण्यासारखा आहे. सोबत गेममधली दोन मोठी चित्रं आणि छापता येईल असा क्यूआर कोड पाठवा. नवलाखी वाव लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात आहे, त्यामुळे तिचे फोटो प्रसिद्धीला वापरणार असाल तर आधी परवानगी घ्या, किंवा सरळ सेवासीचे वापरा.