मदत हवी आहे: अमिकॅसिननंतर आईच्या कानात आवाज
आईला युरिन इन्फेक्शनसाठी १० दिवस अमिकॅसिन ह्या अँटिबायोटिकची इंजेक्शनं दिली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीच वाढलेलं होतं, आणि आता तिच्या कानात सतत रातकिडे ओरडतात म्हणते, रात्री लाईट गेली की तोल जातो म्हणून भिंत धरून बाथरूमला जाते. ह्या औषधाने आतल्या कानाच्या केसपेशी (आवाज आणि तोल टिपणाऱ्या पेशी) मरतात आणि त्या परत येत नाहीत हे नंतर कळलं, आधी कोणी एका शब्दाने सांगितलं नाही हो! साधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची टेस्ट) नॉर्मल आलीय, पण ती ८००० हर्ट्झपर्यंतच असते ना आणि नुकसान तर त्याच्या वरच्या बारीक आवाजांपासून सुरू होतं. पुण्यात हाय फ्रिक्वेन्सी टेस्ट कुठे होते? आणि तोल सावरण्याच्या व्यायामाचा कुणाला खरंच फरक पडलाय का, किती दिवसांनी?