मतिमंद प्रौढाला घरी सांभाळणाऱ्यांना दरमहा भत्ता मिळायला हवा, तुमचं मत काय?

कृष्णाकाठ
माझा मोठा भाऊ 43 वर्षांचा. तीव्र मतिमंद, शिवाय फिट्स येतात. वडील झेडपीचे शिक्षक होते, ते गेले. आई 71ची. रोज सकाळी ती दादाला मोरीत पाटावर बसवून आंघोळ घालते, मग दाढी. गाल ताणायला त्याचीच दोन बोटं लावते, म्हणजे तो हात वस्तऱ्याच्या आड आणत नाही. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन किती दिवस रखडलंय. ऑपरेशननंतर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही म्हणतात. मग दादाला उठवून बसवणार कोण?

त्याची शाळा 18व्या वर्षी सुटली. आईच्या पेन्शनमुळे संजय गांधी निराधार योजनेच्या उत्पन्नाच्या अटीत आम्ही बसत नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 24व्या कलमात मात्र जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्ता स्पष्ट लिहिलेला आहे. केरळमध्ये आश्वासकिरणम योजनेतून अशा रुग्णांना आणि दिव्यांगांना सांभाळणाऱ्यांसाठी महिन्याला 600 रुपये ठरवलेत. रक्कम तुटपुंजी, पण घरात राबणाऱ्याची दखल तरी घेतली. आपल्याकडेही पैसे सांभाळणाऱ्याच्या खात्यात जमा व्हावेत, उत्पन्नाची अट न घालता.

खडूफळा
माझा विरोध आहे. मी प्रौढ मुलांच्या कार्यशाळेत शिकवते. भत्ता दिला की सरकार हात झटकून मोकळं होईल. आमच्याकडे मुलं सकाळी येतात, कागदी पिशव्या करतात, पणत्या रंगवतात, एकमेकांशी भांडतात, चारला घरी जातात. तेवढ्या वेळात आई बँकेत जाऊन येते, नाहीतर नुसती झोपते. ती झोप भत्त्याने मिळत नाही.

आणि घरी बसलेल्या मुलाचं काय होतं तेही बघा. मेहनतीने शिकलेलं शर्टाचं बटण लावणं तो विसरतो, वजन वाढतं, चिडचिड वाढते. तालुक्याच्या गावात 18च्या पुढच्यांसाठी बहुतेक काहीच नसतं. जिथे आहे तिथे गाडीवाचून मुलं गळतात, कारण पंचवीस वर्षांचा मुलगा एसटीच्या गर्दीत बिथरला तर एकट्या आईला आवरत नाही. आधी गाडी द्या, केंद्र द्या. पैशाचं नंतर.

तर्कनिष्ठ_नागपूर
आपलं मूल सांभाळायचे पैसे सरकारने का द्यायचे? उद्या म्हाताऱ्या आईबापांसाठीही भत्ता मागाल. आयकरात घरातल्या तीव्र दिव्यांगासाठी सव्वा लाखाची वजावट आहे, ती घ्या की.

कृष्णाकाठ
तर्कनिष्ठ, ती वजावट कर भरणाऱ्यालाच, तीही जुन्या करप्रणालीत. आईच्या हातात त्यातला रुपयाही येत नाही. आणि ‘आपलं मूल’ म्हणाल तर 18 पूर्ण झाल्यावर दादा कायद्याने सज्ञान आहे. त्याच्या खात्यासाठी बँकेने जन्मदात्या आईकडे पालकत्वाचा दाखला मागितला. मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली तो स्थानिक स्तर समितीकडून आणावा लागतो, कलेक्टर तिचे अध्यक्ष. पालक कोण हे सरकार ठरवणार, तर खर्चाच्या वेळी त्याने अंग काढून घेऊ नये.

पाटलांची_सून
मला या भत्त्याची भीती वाटते. सासूबाई गेल्यापासून दिरांचं सगळं मी करते. ते 36 वर्षांचे आहेत. त्यांचे कपडे बदलताना वहिनीला काय वाटत असेल, हे आमच्या घरात आजवर कुणी विचारलं नाही. नवरा म्हणतो, तू घरीच असतेस ना. उद्या भत्ता आला तर म्हणेल, तुला पगार मिळतो ना. मला पैसे नकोत. सकाळचे दोन तास शिकलेला पुरुष मदतनीस घरी येऊ दे. आंघोळ, दाढी, कपडे त्याने करावं. बाकी दिवस मी बघते, माझी तक्रार नाही.

वऱ्हाडातून
सगळे घर धरूनच बोलताय. ज्यांना घरच्यांनी टाकलं त्यांचं काय? अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशी बेवारस मुलं वाढवली, 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 18 वर्षांनंतरही या मुलांना संस्थेतच राहू द्या, तसा कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी. पैसा अशाच कामांकडे जाऊ द्या. थकलेल्या घरापेक्षा चांगली संस्था बरी.

खडूफळा
चांगली असेल तर. वझ्झर एका माणसाच्या तळमळीवर उभं राहिलं, तो माणूस सरकार जिल्ह्याजिल्ह्यात कुठून आणणार? 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, त्यांना कुणी विचारलं नाही. दिल्लीच्या आशा किरण या सरकारी निवासगृहात जुलै 2024 या एका महिन्यात 14 जण दगावल्याचं बाहेर आलं. मोठ्या इमारती नकोतच. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांनीच मिळून ‘घरकुल’ हे अशा मुलांचं निवासगृह उभारलंय. तसं लहान, पालकांचा पाय रोज आत असणारं काही असेल तर मी तुमच्या बाजूने.

कृष्णाकाठ
खडूफळाताई, गाडी आणि केंद्र हवंच. पण आमच्या गावात ते यायला किती वर्षं लागतील, आणि आई तेवढी थांबेल का? म्हणून मी भत्ता सोडणार नाही. पाटलांची सून, तुमचं मात्र पटलं. भत्ता निदान मदतनिसाच्या पगाराएवढा असावा, आणि त्यातून बाहेरचा माणूस ठेवायची कुटुंबाला मुभा असावी.

पाटलांची_सून
ताई, मुभा नको, अट घाला. मदतनिसाचे पैसे थेट त्याच्याच खात्यात जाऊ देत. मुभा दिलीत तर आमच्याकडे भत्ता ट्रॅक्टरच्या हप्त्याला जाईल आणि आंघोळ मीच घालत राहीन.