एएमएच संख्या सांगतो, दर्जा नाही
चाळिशीतही एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं, रक्तात मोजलं जाणारं संप्रेरक) चांगला असेल तर मूल होऊ देण्याची घाई नको, असं काहीजण म्हणतात. अर्धंच बरोबर. एएमएच अंडाशयातल्या लहान, वाढत्या पुटकांच्या (अंडं सांभाळणाऱ्या पिशव्यांच्या) पेशी तयार करतात, त्यामुळे आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचारात) इंजेक्शनं दिल्यावर साधारण किती अंडी हाती लागतील याचा अंदाज येतो. त्या अंड्यांतली गुणसूत्रं नीट आहेत का, हे त्यातून कळत नाही, आणि वयाचा फटका बसतो तो तिथेच. अंड्याचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं विभाजन) मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन अर्ध्यावर थांबतं, ते एलएच हे संप्रेरक उसळल्यावर, म्हणजे अंडं सुटण्याच्या दीडएक दिवस आधी पुढे सरकतं. मधली सगळी वर्षं गुणसूत्रांना धरून ठेवतात ती कोहेसिन प्रथिनाची कडी. ती जन्माआधीच बसतात. उंदरांवरच्या प्रयोगांत तरी नंतर नवी बसताना दिसत नाहीत. कडी झिजली की जोड्या वेळेआधी सुटतात. शिवाय मानवी अंड्यात सेंट्रोसोम (तर्कू उभारणारं पेशीतलं केंद्र) नसतो, त्यामुळे तर्कू, म्हणजे गुणसूत्रं ओढून वेगळी करणारा तंतूंचा सांगाडा, उभा राहायलाच सुमारे 16 तास लागतात आणि तेवढ्यात तो बऱ्याचदा डळमळतो. मग एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी. 21वं जास्त आलं तर डाउन सिंड्रोम. इतर बहुतेक गर्भ टिकतच नाहीत.

फलनानंतर तिसऱ्या दिवशीचा सुबक आठपेशी गर्भ बघूनही हुरळून जाऊ नये. गर्भाची स्वतःची जनुकं मुख्यतः चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर कामाला लागतात. तोवर सगळं अंड्याच्या शिदोरीवर चाललेलं असतं. म्हणूनच बरेच गर्भ त्यानंतर अडकतात, पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट (गर्भाशयात रुजण्याआधीचा पोकळ गोळ्यासारखा टप्पा) होतच नाहीत.