घरात घुबडांचा संसार : तुमचे अनुभव सांगा

घुबडं फक्त रानात राहतात असं ज्यांना वाटतं त्यांनी गोव्यातल्या जुन्या घरांचे माळे एकदा बघावेत. चिऱ्याच्या जाड भिंती, वर मंगळुरी कौलं, वाशांखाली अंधार आणि कुणी हात न लावलेली पितळेची भांडी. गव्हाणी घुबडाला आणखी काय हवं? आमच्या फोंडा तालुक्यातल्या घरी अशी एक जोडी आहे आणि यंदा तिला चार पिल्लं झाली आहेत.

दिवेलागण झाली की वरून फुसफुस सुरू होते. कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते ना, तसा आवाज, आणि तो रात्रभर. पाहुण्यांना हमखास वाटतं की माळ्यावर नाग आहे. खरं तर ती भुकेल्या पिल्लांची हाक असते. आई-बाप मात्र येताना-जाताना पंखाचा जराही आवाज करत नाहीत. पिसांच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात असतात आणि वरचा थर मखमली असतो, त्यामुळे हवा कापल्याचा आवाज उठत नाही. नर खिडकीसमोरून गेला तरी कळतं ते फक्त पांढरं काहीतरी सरकल्यामुळे.

चारही पिल्लं वेगवेगळ्या मापाची आहेत. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते, पण उबवायला बसते पहिल्यापासूनच. साधारण महिन्याभराने ती ज्या क्रमाने घातली त्याच क्रमाने फुटतात. थोरल्याच्या तोंडावर आता बदामाच्या आकाराची चकती नीट दिसते, धाकटं अजून नुसती लव आहे. बाप उंदीर आणून देतो, आई भरवते. थोरल्याने परवा एक अख्खा उंदीर गिळला आणि शेपूट चोचीबाहेर ठेवून कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

पचत नाहीत ते केस आणि हाडं गोळी होऊन तोंडावाटे बाहेर पडतात. काळी, चकचकीत, अंगठ्याहून जाड. एक गोळी मी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने उलगडली. आत नारिंगी दातांच्या उंदरांच्या कवट्या होत्या आणि एक लांबट, पांढऱ्या दातांची, म्हणजे चिचुंद्रीची. सगळी हाडं शाबूत, बरगड्यासुद्धा.

सासूबाईंना हे पाहुणे नको होते. घुबड घरावर बसलं की घरातलं माणूस जातं, हे त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. लक्ष्मीचं वाहन आहे म्हटलं तर म्हणाल्या, "तें चित्रांत गो." त्यांची भीती आजही गेलेली नाही. पण बाळंतिणीला घराबाहेर काढत नाहीत, एवढं बोलून त्यांनीच विषय मिटवला, आणि माळ्याची शिडी उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवायला लावली. मला वाटतं गोष्ट एवढीच आहे. पक्षी आवडायलाच हवा असं नाही, दोन-तीन महिने एक कोपरा सोडून द्यायची तयारी हवी.

तुमच्याकडे कुठलं घुबड आलं, कुठे बसलं, घरचे काय म्हणाले, तुम्ही काय केलंत, सगळं लिहा.

साखळीहून

आमच्याकडे पिंगळा, लहानसं घुबड. गव्हाणीसारखं अंधारात लपणारं प्रकरण नाही हे, उजेडातसुद्धा दिसतं. अंगणातल्या रायवळ आंब्याची एक फांदी वादळात मोडली होती, तिथे ढोली झाली, आणि दर वर्षी शिगम्याच्या आसपास जोडी तिथे असते. तुम्ही बघायला लागलात की तीही बघते, मान वर-खाली करत. डोळे खोबणीत फिरत नाहीत म्हणून अंतर मापायला तिला अख्खं डोकं हलवावं लागतं. माझ्या नातीला वाटतं ती नमस्कार करते, आणि ती रोज शाळेला जाताना उलट नमस्कार करते.

पिल्लं बाहेर आली की चौघं-पाच जणं एकाच फांदीवर चिकटून बसतात. जूनचा पहिला पाऊस पडला आणि पंख फुटलेली वाळवी दिव्याभोवती उडायला लागली की ती शिकार पाहत राहावी. थोरली हवेत झेपावून एकेक टिपतात, पिल्लं जमिनीवर चालत जाऊन वेचतात. आम्ही त्या संध्याकाळी अंगणात कुणाला फिरकू देत नाही आणि बाहेरचा दिवाही बंद करत नाही.

चोडण बेटावरून

माझं म्हणणं माडांच्या बाजूने. आमच्याकडे खाजन शेती, म्हणजे खाडीच्या पाण्याला बांध घालून केलेली, आणि बांधावर, भाटात (बागायतीत) माड. माडावरचा उंदीर सहसा खाली उतरत नाही, शेंड्यातच राहतो आणि कोवळी फळं पोखरतो. सकाळी माडाखाली भोक पडलेली बोंडं दिसली की समजायचं. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढला की उंदरांची घरटीही काढून टाकतो, पण पाडेली आता मिळतात कुठे?

पूर्वी आम्ही विषाच्या वड्या टाकायचो, सगळेच टाकतात. त्या वड्यांत रक्त गोठू न देणारं औषध असतं. उंदीर खाल्ल्या खाल्ल्या मरत नाही, तीन-चार दिवस तसाच फिरतो, मंदावतो, दिवसाही उघड्यावर येतो. असा उंदीर घुबडाला सगळ्यात आधी सापडतो. घुबड तो पिल्लांना नेऊन घालतं. विष उंदरापाशी थांबत नाही. हे एका पशुवैद्याने समजावलं त्या दिवसापासून आमच्या भाटात वडी नाही. खोडाला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा बांधतो, झावळ्या एकमेकींना लागत असतील तर छाटतो, आणि घरात पिंजरा.

गव्हाणीची जोडी बांधाजवळच्या पडक्या घरात आहे. रात्री मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, खांबावर बसून असते. ओहोटीला पाणी सोडायला मी जातो तेव्हा ती उडत नाही, फक्त तोंड वळवते. काळोखात तिला दिसतंच, पण ती जास्त भरवसा ठेवते कानांवर. दोन कान वर-खाली असतात, एकसारख्या उंचीवर नाहीत, त्यामुळे गवतात उंदीर नेमका कुठे खुडबुडला ते तिला कळतं. मी स्वतः पाहिलंय, काहीही दिसत नसताना ती सरळ गवतात पडली आणि पायात उंदीर घेऊन उठली.

पणजीहून

आमची बिल्डिंग, पाचवा मजला, स्वच्छतागृहांची हवा जाते त्या डक्टमधली फळी, तिथे घुबड. कबुतरांसाठी जाळी लावायचा ठराव झाला होता आणि माणूसही ठरला होता. त्याने वर जाऊन पाहिलं आणि खाली येऊन सांगितलं, मी हे काम करणार नाही, आत पिल्लं आहेत. त्या माणसाचे आभार मानावे तेवढे थोडे.

त्यानंतरची बैठक तापली. एका बाजूला वास, घाण, "लहान मुलं आहेत घरात", दुसऱ्या बाजूला आम्ही तीन बिऱ्हाडं. वास येतो हे खरंच आहे, अमोनियाचा, डोळे चुरचुरतात, ते नाकारून चालणार नाही. मी १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा वाचून दाखवला. घुबड पकडणं, मारणं, विकणं, घरटं उद्ध्वस्त करणं, यातलं काहीही गुन्हा ठरतं. पण कायद्याने माणसं गप्प झाली, पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी विचारलं, उडायला किती दिवस? दोन महिन्यांच्या आतबाहेर, मी म्हटलं. "मग चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायला आपण जेवढी धावपळ करतो त्याच्या निम्मीही नको. थांबूया." खिडक्यांना आतून कागद लावला, डक्टचा तळ धुवायला एक माणूस ठरवला, खर्च सगळ्यांनी वाटून घेतला.

नरकासुराच्या रात्रीची, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्रीची, मला धास्ती होती. आमच्या कोपऱ्यावर नरकासुराचा मोठा पुतळा होतो आणि पहाटेपर्यंत स्पीकर. मुलांना जाऊन सांगितलं, वर पिल्लं आहेत, स्पीकरचं तोंड तेवढं रस्त्याकडे करा. केलं त्यांनी, आणि वर बघायला यायचं म्हणून हट्टही धरला. दोघादोघांना बॅटरीशिवाय नेऊन दाखवलं. पिल्लं उडून गेल्यावर फळी खरवडून धुतली, मग जाळी बसवली. आता इमारतीच्या मागच्या भिंतीवर पेटी लावावी का यावर चर्चा चालू आहे.

मडगावहून, एक प्रश्न

मी विरोधात लिहीत नाही, मनापासून विचारतेय. आमच्या व्हेंटिलेटरमध्ये गव्हाणी बसली आहे आणि घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. झोपेत बाळ त्या किंचाळण्याने दचकतं. रोग वगैरे होतो का? हाकलायचं नाही हे ठरलं आहे.

डिचोलीहून

वरच्या ताईंसाठी. मी जखमी पक्ष्यांच्या कामात मदत करतो. बाळाची खोली दोन महिने बदलता आली तर तो सगळ्यात सोपा उपाय. व्हेंटिलेटर आतल्या बाजूने प्लायवूडने बंद करा, बाहेरची वाट मोकळी ठेवा. आवाजही कमी होईल आणि धूळ-वास आत येणार नाही. विष्ठा सुकी झाडू नका, ओली करून पुसा, हातमोजे आणि तोंडाला फडकं. बाळ असो नसो, कुठल्याही पक्ष्याच्या विष्ठेला हाच नियम.

आता सगळ्यांसाठी, कारण मला सर्वांत जास्त फोन याच कारणाने येतात : पडलेलं पिल्लू. दूध देऊ नका, भात देऊ नका, चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जाड टॉवेलने मागून अलगद धरा, पाय आवळा, चोचीपेक्षा नख्या लागतात. भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून खोकं अंधारात ठेवा. जखम नसेल तर त्याच रात्री परत घरट्यात. माणसाचा वास लागला की आई टाकते हे खरं नाही. पण गव्हाणी सहसा जमिनीवर पडलेल्या पिल्लाला भरवत नाही, म्हणून त्याला तिथेच सोडून "आई येईल" म्हणत बसू नका, वर ठेवाच. पिंगळ्याचं वेगळं आहे. त्याचं उडायला आलेलं पिल्लू खाली दिसलं तर जवळच्या फांदीवर ठेवा, आई-बाप तिथे येऊन भरवतात. पंख लोंबत असेल, रक्त असेल, मान कलली असेल तर वन खात्याला कळवा आणि वाट बघताना दर पाच मिनिटांनी खोकं उघडू नका.

आणि कृपा करून घरट्याचे फोटो जागेसकट टाकू नका. दिवाळीच्या आधी घुबडं शोधणारे लोक असतात, तंत्रमंत्रासाठी पैसे मोजणारेही असतात. पिल्लं उडून गेल्यावर खुशाल टाका.

सांग्याहून

आमचं कुळागर ओढ्याला लागून. पोफळी, केळी, मिरवेल, आणि मध्ये फणसाचं एक जुनं झाड. त्याच्या बेचक्यात जे घुबड बसतं ते तुमच्या सगळ्यांच्या घुबडांपेक्षा फार मोठं, कानांवर पिसांचे तुरे, पिवळे डोळे. मासे खाणारं. पायांवर पिसं नसतात, उघडे, खरखरीत, निसटता मासा धरून ठेवायला. फणसाखाली खेकड्यांच्या नांग्या आणि कवचं पडलेली असतात, त्यावरूनच मला आधी पत्ता लागला. पिल्लू बहुतेक एकच, कधी दोन.

आजो याला घुगूम म्हणायचा आणि तो ओरडला की हातातलं काम खाली ठेवायचा. भीतीने नव्हे. कुळागरात पाणी सोडायची पाळी रात्रीची असायची, एकटा माणूस, आणि तो खोल आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांनी येतो. नर-मादी एकमेकांना उत्तर देतात. आजो म्हणायचा, ओढ्यात मासळी आहे तोवर हा आहे. मला ते पुरेसं पटतं. हल्ली उन्हाळ्यात ओढ्याला पंप लावून पाणी उपसणारे वाढलेत, एप्रिलमध्ये डबकी तेवढी उरतात. झाड आम्ही राखू, पण ओढा एकट्या आमचा नाही. खालच्या दोन कुळागरवाल्यांशी बोलून एक कोंड, म्हणजे ओढ्यातला खोल डोह, उपसायची नाही असं यंदा ठरवलं आहे. दोघेही तयार झाले.

पेडण्याहून

पणजीवाल्यांनी पेटीचं काढलं म्हणून लिहितो, मी सुतारकाम करतो. गव्हाणीच्या दोन पेट्या केल्या आहेत, एक शाळेच्या मागच्या पिंपळावर, एक आमच्याच गोठ्यात. लोक चुकतात ते खोलीत. भोकापासून तळ किमान दीड फूट खाली हवा, नाहीतर पिल्लं भुकेने दाराशी धावतात आणि बाहेर पडतात. भोक साधारण पाच इंच, चौकोनी चालेल. बाहेर एक फळी द्या, पिल्लं उडण्याआधी तिच्यावर येऊन पंख झाडतात. आत रंग किंवा वार्निश नको. तळाला पाणी निघायला बारीक भोकं पाडा आणि पेटीचं तोंड मृगाच्या वाऱ्याकडे नको, म्हणजे आपल्याकडे नैर्ऋत्येकडे नको. साफ करायला मागे कडी लावलेलं दार ठेवा, ते फक्त पेटी रिकामी असताना उघडायचं.

गोठ्यातल्या पेटीत यंदा जोडी आली. पिंपळावरची साळुंक्यांनी घेतली, ती त्यांच्याकडेच राहू दे. चोडणच्या दादांनी आणि पणजीच्या बिल्डिंगवाल्यांनी जागेची मापं पाठवा. दहा-बारा फुटांच्या वर, समोर उडायला मोकळी वाट असलेली जागा बघा. लाकूड माझ्याकडे पडून आहे, पेटी मी करून देतो, न्यायला तेवढी गाडी घेऊन या.